हळदीकुंकू ठेवावे की उपटावे?

गेल्या दोन महिन्यांत बागेच्या सदराकडे आलेली पत्रे चाळताना एकाच रोपाविषयीची पत्रे इतकी निघाली की हे सदर या वेळी त्याच रोपाला द्यायचे ठरवले. रोप हळदीकुंकवाचे, म्हणजे इंग्रजीत मिल्कवीड म्हणतात त्या चिकाच्या झुडपांतल्या एका जातीचे. तांबड्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळा मुकुट असलेल्या फुलांमुळे त्याला हे नाव मिळाले, आणि कावळ्याच्या चोचीसारख्या टोकदार शेंगांमुळे काही ठिकाणी त्याला काकतुंडी म्हणतात. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत, गाव किंवा तालुका तेवढा ठेवला आहे, कारण जागा कळल्याशिवाय बागेच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. दोन वर्षांपूर्वी मी ‘मोनार्क फुलपाखरांसाठी मिल्कवीड’ असे छापलेले बियांचे पाकीट ऑनलाइन मागवले. रोपे उत्तम वाढली, नारिंगी फुलपाखरे येऊन अंडी घालू लागली आणि पट्टेरी अळ्यांनी पाने फस्त केली, तरी मला आनंदच झाला. या दिवाळीत कॅलिफोर्नियात राहणाऱ्या नणंदेला फोटो पाठवले, तर तिने कळवले की हीच जात तिकडे मोनार्कला अपायकारक ठरली आहे, काही ठिकाणी तिच्या विक्रीवर निर्बंध आहेत, तेव्हा रोपे ताबडतोब उपटून टाक. आमच्याकडे येतात ती मोनार्कच ना? आणि रोपे उपटावीत का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : आधी पाहुण्यांची ओळख पटवून घेऊ. आपल्याकडे येते ते मोनार्क नव्हे. ते प्लेन टायगर आहे, मोनार्कचे चुलत भावंड म्हणावे असे, डॅनाउस या जातींच्या एकाच गटातले. मोनार्क मूळचे अमेरिका खंडातले, आणि आपल्या किनाऱ्यावर त्याची वस्ती नाही. पाकिटावर काहीही छापलेले असले तरी बी पेरल्याने सात समुद्रांपलीकडचे फुलपाखरू येत नाही, जे आसपास आहे तेच येते. खात्री करायची असेल तर पंखांपेक्षा अळीकडे पाहणे सोपे. सकाळच्या कोवळ्या उन्हात एखादे कुरतडलेले पान अलगद उलटे करा. काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या आडव्या पट्ट्यांची अळी दिसेल, आणि तिच्या पाठीवर मऊ, काळ्या, मिशीसारख्या तंतूंच्या जोड्या. त्या मोजा. एक जोडी डोक्यामागे, एक शेपटाशी आणि एक त्यांच्या दरम्यान, अशा तीन जोड्या भरतील. मोनार्कच्या अळीला ही मधली जोडी नसते. फुलपाखराच्या नारिंगी पंखांवर ठळक काळ्या शिरा दिसल्या, तर तेही मोनार्क समजू नका. तो आपल्याकडचा स्ट्राइप्ड टायगर, आणि पुस्तकातल्या मोनार्कच्या चित्राशी तोच अधिक जुळत असल्याने गोंधळ बहुधा त्याच्यामुळे होतो.

आता नणंदबाईंचा मुद्दा. त्यांनी कळवलेले खोटे नाही. हळदीकुंकू, म्हणजे वनस्पतिशास्त्रातले ॲस्क्लेपिअस कुरास्साव्हिका, मूळचे अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातले असून कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरून त्याला हे नाव पडले आहे. संयुक्त संस्थानांत मात्र ते बाहेरून आलेले रोप आहे. तिथे मिल्कवीडच्या सत्तराहून अधिक देशी जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक थंडी पडू लागली की जमिनीवरून नाहीशा होतात, फक्त मुळे जिवंत राहतात. मोनार्कचे सारे वेळापत्रक या नाहीशा होण्यावर बसलेले आहे. खाऊ घालणारे रोप संपले, दिवस लहान झाले, गारवा वाढला, की त्या पिढीची फुलपाखरे अंडी घालायचे सोडून दक्षिणेची वाट धरतात. हळदीकुंकू मात्र फ्लोरिडा, टेक्सासचा किनारा, दक्षिण कॅलिफोर्निया अशा उबदार पट्ट्यात बारमाही हिरवे राहते. मग काही फुलपाखरे प्रवास सोडून तिथेच मुक्काम ठोकतात आणि भर हिवाळ्यात अंडी घालत राहतात.

यात वाईट काय, असे कोणालाही वाटेल. वाईट ते एका सूक्ष्म परजीवीमुळे होते. ऑफ्रिओसिस्टिस इलेक्ट्रोस्किरा असे त्याचे जीभ अडखळवणारे नाव आहे, म्हणून तिकडे सारेच त्याला ओई म्हणतात. बाधा झालेल्या फुलपाखराच्या पोटावरच्या खवल्यांत त्याचे बीजाणू पिठासारखे भरलेले असतात. मादी अंडे घालते तेव्हा ते अंड्यावर आणि पानावर झडतात, अंड्यातून निघालेली अळी आधी अंड्याचे कवच आणि मग पान खाते आणि त्यांच्याबरोबर बीजाणूही गिळते. पुढे अळी, कोष, फुलपाखरू अशा अवस्थांतून जाताना तो परजीवी तिच्या अंगात वाढत राहतो. बाधा जास्त असली तर फुलपाखराला कोषातून नीट बाहेर पडता येत नाही किंवा त्याचे पंख चुरगळलेलेच राहतात. बाधा कमी असली तर ते उडते, पण अशक्त उडते. देशी मिल्कवीड थंडीत वाळून गेले की त्याच्याबरोबर बीजाणूंनी माखलेली पानेही जातात, आणि लांबच्या प्रवासात अशक्त फुलपाखरे गळून पडल्याने पुढची पिढी बरीचशी निरोगी निपजते. वर्षभर हिरव्या राहणाऱ्या रोपावर ही सफाई होतच नाही. हिवाळ्यात तिथे राहणाऱ्या मोनार्कमध्ये ओईचे प्रमाण प्रवास करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळते, ही गोष्ट संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केली. कॅलिफोर्नियाच्या कृषी खात्याने २०२२ मध्ये या रोपाला उपद्रवी तणाच्या वर्गात घातले आणि काही काउंट्यांमध्ये त्याची विक्री थांबली, ती यामुळे. त्याला आणखी एक पदर आहे. लुइझियानातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की तापमान वाढवले असता हळदीकुंकवाच्या पानांतले विष मोनार्कच्या अळ्यांनाही सोसवेना इतके वाढते, तर तिथल्या देशी जातीवर वाढलेल्या अळ्यांना तसा त्रास झाला नाही.

हे सगळे जसेच्या तसे उचलून गुहागरला आणता येईल का? माझ्या मते येणार नाही. आपल्याकडे हिवाळा पडतो म्हणजे पहाटे पडवीत घोंगडी घ्यावी लागते, एवढेच. प्लेन टायगरचे हक्काचे झाड रुई, आणि रुई बाराही महिने हिरवी असते. गडग्यावर, रस्त्याच्या कडेला, पुळणीच्या माथ्यावर, जिथे दुसरे काही टिकत नाही तिथे ती खाऱ्या वाऱ्यात उभी असते. म्हणजे हे फुलपाखरू पिढ्यान्‌पिढ्या बारमाही झाडावरच वाढत आलेले आहे, झाड वाळण्याची वाट पाहून निघायचे असे त्याच्या पंचांगात मुळी नाहीच. झाड हिरवे राहते म्हणून प्रवास मोडतो हा जो मुख्य आक्षेप, तो इथे लागू होत नाही. ‘परदेशी’ हा शब्दही जरा जपून वापरावा लागतो. हवाई बेटांवर मोनार्क एकोणिसाव्या शतकात पोहोचले, आणि तिथे त्यांच्या अळ्या ज्या झाडावर हमखास सापडतात ते झाड म्हणजे आपली रुई. आशियातून तिकडे गेलेली, इंग्रजीत क्राउन फ्लॉवर या नावाने ओळखली जाणारी, आणि हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिची आवडती. आपण शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो, ते लोक तिच्या फुलांच्या माळा पाहुण्यांच्या गळ्यात घालतात. तिकडची वनस्पती आपल्या अंगणात आणि आपली त्यांच्या, आणि दोन्हीकडे त्या त्या ठिकाणची अळी ती खाते, कारण दोन्ही झाडे चिकाच्या एकाच कुळातली आहेत. करवंदाचा देठ मोडल्यावर बोटाला जो चिकटा लागतो, तोही याच कुळाचा.

तर, उपटू नका, पण मोकाटही सोडू नका. हळदीकुंकवाविषयी माझी खरी तक्रार मोनार्कची नाही, बियांची आहे. शेंग तडकली की रेशमी केसांच्या म्हाताऱ्या उडतात, आणि या रोपाला ओलावा प्रिय असल्याने त्या पऱ्ह्याच्या काठी, पाटाच्या कडेला, आगराच्या सावलीत रुजतात. भारतात ते बागेतून निसटून अनेक ठिकाणी रानटी झालेलेच आहे. म्हणून आपली रोपे कुंडीत किंवा खळ्याच्या कडेला एका वाफ्यात ठेवा, शेंगा हिरव्या असतानाच कात्रीने काढा, आणि पावसाळा संपल्यावर एकदा व शिमग्याच्या सुमारास एकदा रोपे वीतभर ठेवून छाटा. छाटल्यावर फुटणारी कोवळी पालवी मादीला अंडी घालायला अधिक पसंत पडते, म्हणून छाटणीने अळ्यांचे नुकसान न होता उलट सोय होते. मात्र छाटण्याआधी प्रत्येक पान उलटून पाहा आणि अळ्या दुसऱ्या रोपावर ठेवा. नवी रोपे मात्र करू नका. तीच मेहनत गडग्याजवळच्या एका रुईवर करा. तिला पाणी, खत काही लागत नाही, फक्त ऊन हवे आणि मुळाशी पाणी साचता कामा नये. रुईच्या फुलांवर मोठा काळा भुंगा घोंगावत येतो तो वेगळाच. जागा असेल तर कुंपणावर हरणदोडीचा वेल चढवा, त्यावर ब्लू टायगर अंडी घालते. आणि झुडपाच्या आडोशाला अंतमूळ लावा, ते ग्लासी टायगरला चालते. कातळावरची कंदीलपुष्पे याच कुळातली असली आणि स्ट्राइप्ड टायगरच्या अळ्या त्यांतल्या काहींवर वाढत असल्या, तरी ती सड्यावरून उकरून घरी आणण्याचा मोह कृपा करून टाळा. ती घरी जगत नाहीत आणि सड्यावर आधीच फार उरलेली नाहीत.

एक गोष्ट जाता जाता. नर प्लेन टायगर खुळखुळ्याच्या आणि भुरुंडीच्या वाळलेल्या काड्यांवर तासन्‌तास बसून सोंडेने ओरखडत असतात. मादीला आकर्षित करणारा गंध तयार करायला लागणारी द्रव्ये त्यांना त्यांतून मिळतात. तेव्हा परसातला सगळा खुळखुळा दसऱ्याच्या साफसफाईत काढू नका. एका कोपऱ्यात वाळू द्या.

प्रश्न : माझे माहेर मालवणचे, गेली अकरा वर्षे ह्यूस्टनला राहते. घरामागच्या अंगणात हळदीकुंकू लावले आहे आणि त्यावर खरोखरच मोनार्क येतात. आता सर्वत्र ते काढायला सांगतात, पण दुसरे मिल्कवीड इथे रोपवाटिकेत पटकन मिळत नाही. आईकडून रुईचे बी आणून लावले तर चालेल का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : गुहागरच्या ताईंना दिलेले उत्तर आपल्याला अगदी उलटे लागू होते. आपले अंगण मोनार्कच्या वाटेवरच आहे. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडची मोनार्क शरद ऋतूत टेक्सासमधून मेक्सिकोकडे जातात, आणि तिथल्या मिचोआकान व मेक्सिको (देशाच्याच नावाचे राज्य) या राज्यांतल्या सुमारे तीन हजार मीटर उंचीवरच्या ओयामेल फर या सूचिपर्णी झाडांच्या रानांत हिवाळा काढतात. ती नेमकी कुठे जातात हे शास्त्रज्ञांना १९७५ च्या जानेवारीत उमगले. डोंगरावरच्या गावकऱ्यांना ते अर्थातच आधीपासून ठाऊक होते. तिथे फुलपाखरे मोजता येत नाहीत म्हणून त्यांनी झाकलेल्या रानाचे क्षेत्र मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टरांच्या आसपास होते, २०१३-१४ मध्ये अवघे ०.६७ हेक्टर उरले. मधल्या शेतांतून तणनाशकांनी मिल्कवीड नाहीसे होणे, रानांची तोड आणि बिघडलेले हवामान ही त्यामागची मोठी कारणे मानली जातात. अंगणातले हळदीकुंकू हे त्यांच्या तुलनेत लहान कारण. पण ते आपल्या हातातले आहे.

आधीच लावलेले रोप लगेच काढणे जमत नसेल, तर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत ते जमिनीलगत छाटलेले ठेवा, आणि नवे फुटवे आले की पुन्हा छाटा. ह्यूस्टनच्या हिवाळ्यात ते काम दर दोन-तीन आठवड्यांनी करावे लागेल. हे न जमणाऱ्याने रोप ठेवूच नये असे मी म्हणेन. दरम्यान टेक्सासच्या देशी जातींचे, म्हणजे ॲस्क्लेपिअस व्हिरिडिस किंवा ॲस्क्लेपिअस ॲस्पेरुला यांचे बी मिळवा आणि थंडीच्या तोंडावर जमिनीत पेरा, कारण त्यांना उगवण्याआधी ओला गारठा लागतो. पहिल्या वर्षी रोप इवलेसे दिसते आणि बी वाया गेले असे वाटते, पण तेव्हा ते खाली मूळ घालत असते. शिवाय परतीच्या मोनार्कना पानांपेक्षा मध अधिक हवा असतो, म्हणून शरदात फुलणारी स्थानिक फुलझाडे लावली तरी मोठी मदत होईल.

रुईचे बी मात्र आणू नका. परवानगीवाचून बी नेणे तिथल्या नियमांत बसत नाही हे एक. आणि दुसरे, रुईही थंडी सौम्य असली तर हिरवीच राहणार, म्हणजे ज्या दोषासाठी हळदीकुंकू काढायचे तोच दोष असलेले झाड त्याच्या जागी येणार. माहेरची आठवण म्हणून ती हवी असेल तर पुढच्या खेपेला मालवणात आईच्या दारची पाहून घ्या.

प्रश्न : हळदीकुंकवाच्या शेंड्यांवर हळदीसारखा पिवळाधमक मावा इतका चढतो की देठ दिसत नाही. दुकानदाराने दिलेले औषध फवारले, मावा गेला, पण चार दिवसांत सगळ्या अळ्या काळ्या पडून मेल्या. आता मी कडुनिंबाचा अर्क आणला आहे. तो फवारू का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : फवारू नका. कडुनिंब हे आपल्याला सौम्य वाटते, कारण दातवणापासून पाडव्याच्या चटणीपर्यंत आपण ते खात आलो आहोत; अळीला ते सौम्य नाही. त्याने तिची भूक आणि कात टाकण्याची क्रिया दोन्ही बिघडतात. माव्याला मारील आणि अळीला सोडील असे बाटलीतले औषध या रोपासाठी शोधत बसू नये. आधी फवारलेले औषध आंतरप्रवाही असेल, म्हणजे रोपाच्या रसात भिनणारे, तर जुन्या पानांत ते बराच काळ राहते. म्हणून रोप खाली छाटा, छाट गुरांपुढे न टाकता पुरा, आणि पालवी दोनदा-तीनदा येऊन गेल्याशिवाय त्यावर अळ्या सोडू नका. रोपवाटिकेतून आणलेल्या नव्या रोपालाही हाच नियम लावा. फुलपाखरांसाठी म्हणून विकलेल्या रोपावर आदल्याच आठवड्यात फवारणी झालेली असते, हा अनुभव मी स्वतः एकदा घेतला आहे. आणलेल्या दोन कुंड्यांवर तिसऱ्या दिवशी एकही अळी उरली नव्हती.

हा पिवळा मावा मोठा गमतीचा जीव आहे. ॲफिस नेरी हे त्याचे नाव, आणि आपल्या दारच्या कण्हेरीवर, गडग्यावरच्या रुईवर आणि या हळदीकुंकवावर तोच असतो. त्याच्यात नर आढळत नाहीत. माद्याच माद्यांना जन्म देतात, तेही अंडी न घालता थेट पिले. त्यामुळे सोमवारी दहा दिसलेला मावा पुढच्या रविवारपर्यंत शेंडाभर होतो. पण त्याच्यामुळे रोप सहसा मरत नाही. सकाळी ओल्या बोटांनी शेंडा हलकेच पुसून घ्या किंवा पिचकारीच्या धारेने मावा पाडा. अळी असलेली पाने तेवढी दुसऱ्या हाताने झाका. धीर धरवत असेल तर काहीच करू नका. माव्याच्या पाठोपाठ लाल पाठीवर काळे ठिपके असलेले भुंगेरे येतात, आणि त्यांची पिले, जी सुसरीसारखी करडी आणि खरबरीत दिसतात म्हणून लोक चिरडून टाकतात, ती दिवसाला कितीतरी मावा फस्त करतात. जूनमधला पहिला जोराचा पाऊस उरलेले काम करतो.

प्रश्न : रुई परसात लावायची म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या की चिकाचे झाड घराजवळ लावू नये. घरात दोन लहान मुले आणि गोठ्यात गाय आहे. त्यांचे म्हणणे निव्वळ समजूत म्हणून सोडून द्यावे का?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : सोडून देऊ नये. समजूत कशी का निघाली असेना, तिच्यात शहाणपण आहे. रुई आणि हळदीकुंकू या दोघांच्याही चिकात हृदयावर परिणाम करणारी विषे असतात. प्लेन टायगरच्या अळीला तीच विषे उपयोगी पडतात, ती अंगात साठवून ठेवते, आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही. जनावरे सहसा रुईला तोंड लावत नाहीत, परंतु कापून सुकलेल्या चाऱ्यात पाने मिसळली गेली तर गाईला कळत नाही. म्हणून छाट कधीही गोठ्याकडे जाऊ देऊ नका.

डोळ्यांचे भय त्याहून मोठे. मागच्या मार्गशीर्षात मी गडग्यावरची रुई छाटत होतो. हातावर चीक आला होता, कपाळावरचा घाम मनगटाने पुसला, एवढेच. डोळा लगेच दुखला नाही, तासाभराने समोरच्या माडाच्या झावळ्या धुक्यातून दिसाव्यात तशा दिसू लागल्या. नेत्रवैद्यांनी सांगितले की हा चीक बुबुळाच्या आतल्या थरापर्यंत सूज आणू शकतो आणि सुरुवातीला दुखत नसल्यामुळेच माणूस गाफील राहतो. आठवडाभराने नजर निवळली. चीक डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा; आईचे दूध, तूप, गुलाबपाणी असे घरगुती उपाय त्यात घालू नका.

तेव्हा सासूबाईंचे म्हणणे असे मानावे की रुई उंबऱ्याशी नको, गडग्यापलीकडे, मुलांच्या खेळण्याच्या वाटेपासून दूर असावी. हातमोजे घालून छाटावी. त्यांना रथसप्तमीच्या स्नानाला रुईची सात पाने लागत असतील, तर ती या झाडाची मिळतील हेही जरूर सांगा. झाडाला घरात जागा मिळवून देण्यास ते अधिक उपयोगी पडेल. आणि पाने तोडताना पानामागे पाहायला सांगा. आमच्या गावच्या देवळात एका शनिवारी मारुतीच्या गळ्यातल्या माळेवर तीन जोड्यांच्या मिश्या हलवत एक जाडजूड अळी निवांत खात बसलेली होती. पुजाऱ्यांनी ती पानासकट उचलून मागच्या रुईवर नेऊन ठेवली.

प्रश्न : शाळेतल्या मुलांना दाखवण्यासाठी अळ्या डब्यात वाढवायच्या आहेत. किती वाढवाव्यात आणि किती दिवस लागतात?
— एक शिक्षक, अलिबाग तालुका

उत्तर : दोन-तीन पुरेत. गर्दी झाली की घाण होते, घाण झाली की रोग पसरतो, मग मुलांना पाहायला मेलेल्या अळ्याच उरतात. रुंद तोंडाची बरणी, तोंडावर मच्छरदाणीचे कापड, रोज ताजे पान आणि रोज विष्ठा काढणे, एवढे पाळावे. रुईची पाने दिली तर हळदीकुंकवाची मध्येच देऊ नयेत. ज्या झाडावरची अळी आणली तेच पान शेवटपर्यंत द्यावे. अंड्यातून अळी साधारण तीन दिवसांत निघते, दोन आठवडे खात राहते, मग एके दिवशी खाणे सोडून बरणीच्या झाकणापर्यंत चढते आणि डोके खाली करून लोंबकळते. मुलांना त्या दिवशी आणि त्यानंतरच्या सकाळी वर्गात लवकर बोलवा, कारण कात टाकून कोष होण्याचे काम काही मिनिटांत आटोपते. कोष हिरवा किंवा फिकट गुलाबी असतो आणि त्यावर सोनेरी ठिपके असतात. आठ-दहा दिवसांनी तो काळपट होऊन आतले नारिंगी पंख दिसू लागले की बरणी उघड्यावर, वाऱ्याच्या आडोशाला ठेवा. बाहेर आलेल्या फुलपाखराला पंख वाळवायला निदान दोन तास लागतात, तेवढ्यात कोणी त्याला बोट लावू नये.